'बूम' की '७३ यार्ड्स'?

'डॉक्टर हू' ही डॉक्टर नावाच्या कालप्रवाशाची १९६३पासूनची ब्रिटिश विज्ञानकथा मालिका, पण दादरहून घरी येताना माझं आणि मावसभावाचं वाजतं ते मे २०२४च्या लागोपाठ दोन भागांवरून.

त्याचा लाडका 'बूम'. डॉक्टरचा पाय सुरुंगावर, आणि जवळजवळ सगळा भाग तो जागचा हलत नाही. डॉक्टर झालेल्या शूटी गटवाला धावपळीला वावच नाही. सगळं चेहऱ्यावर आणि आवाजात. खरा शत्रू कुणी नाहीच, शस्त्रं विकणाऱ्या कंपनीचा हिशेब माणसं मारतोय, हे जबरदस्त. शेवट मात्र मला घाईचा वाटला.

माझं मत '७३ यार्ड्स'ला. डॉक्टरच्या सोबतीणीपासून, रुबीपासून, कायम तेवढ्याच अंतरावर उभी असलेली ती बाई! ७३ यार्ड म्हणजे साधारण ६७ मीटर, लोकलचे जेमतेम तीन डबे. एकदा प्लॅटफॉर्मवर तेवढ्या अंतरावर उभी राहून पाहिलं: माणूस दिसतो, चेहरा ओळखू येत नाही. सगळी भीती तिथेच आहे. तिच्याजवळ गेलेले लोक घाबरून रुबीपासून पळतात; बाई त्यांना काय सांगते, ते कधीच कळत नाही. भाऊ म्हणतो, ही लेखकाची पळवाट. मला नाही पटत. त्या बाईचं ऐकून रुबीची आईसुद्धा मुलीला घराबाहेर ठेवते. कारण कळलं असतं, तर तो प्रसंग इतका जिव्हारी लागला नसता.