गोव्यातल्या आमदाराची कारकीर्द कागदावरून जुळवताना: कोणती नोंद कामाची, कोणती फसवी

प्रबंध असो, वर्तमानपत्राचे निवडणूक पान असो की मृत्युलेख, गोव्यातल्या एखाद्या आमदाराची कारकीर्द नीट मांडायला लागणारे बहुतेक कागद आज फुकट मिळतात. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे, विधानसभेचे संकेतस्थळ, शासकीय राजपत्र, सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे आणि पणजीत पाटोवरचे कृष्णदास शामा ग्रंथालय. ही सगळी मिळून एकच सार्वजनिक सेवा धरली तर तिची प्रत कशी? आमचे मत असे की निवडणुकीच्या दिवसाचा उमेदवार या सेवेत चोख सापडतो आणि दोन निवडणुकांच्या मधला आमदार हातातून निसटतो. गोव्यात खरे राजकारण त्या मधल्या काळातच होत असल्यामुळे ही उणीव किरकोळ नाही.

कसोटीला रवी नाईक यांच्याइतके चांगले नाव सापडणार नाही. १९८४ मध्ये फोंड्यातून मगोचे (महाराष्ट्रवादी गोमन्तक पक्षाचे) आमदार, पुढे काँग्रेसच्या बाजूने दोनदा मुख्यमंत्री, १९९८ मध्ये उत्तर गोव्याचे खासदार, २००० च्या ऑक्टोबरात पर्रीकरांच्या सरकारात उपमुख्यमंत्री, २००२ मध्ये पुन्हा काँग्रेसचे आमदार, डिसेंबर २०२१ मध्ये भाजप, २०२२ मध्ये फोंड्यातून ७७ मतांनी निसटता विजय आणि कृषिमंत्रिपदावर असतानाच १५ ऑक्टोबर २०२५ रोजी निधन. ‘पात्रांव’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नाईकांचा हा प्रवास ज्या नोंदींतून जुळतो, त्यांतून गोव्यातला कुठलाही आमदार जुळवता येईल.

सुरुवात आयोगाच्या सांख्यिकी अहवालांपासूनच करावी. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीपासून १९६७, १९७२, १९७७, १९८०, १९८४, १९८९, १९९४, १९९९, २००२ आणि पुढे दर पाच वर्षांनी असे २०२२ पर्यंत चौदा अहवाल होतात. अहवाल उघडला की पक्षनिहाय तक्त्यांत वेळ न घालवता थेट शेवटच्या तपशीलवार निकालाकडे जावे. तिथे मतदारसंघागणिक प्रत्येक उमेदवाराचे नाव, पक्ष, मते आणि टक्केवारी मिळते. विजयाचे अंतर सगळेच उचलतात, टक्केवारी मात्र सहसा कुणी पाहत नाही. गोव्याचे मतदारसंघ लहान, साधारण पंचवीस-तीस हजार मतदारांचे. तिरंगी-चौरंगी लढतीत तीसेक टक्के मतांवरही माणूस निवडून येतो. फोंड्याचे ते ७७ मतांचे अंतर टक्केवारीशेजारी ठेवून वाचले तरच कळते, की मत कुणाकुणात फुटले होते.

हे अहवाल पक्के आहेत, पण त्यांत चार खड्डे आहेत आणि नवखा चारांतही पडतो.

पहिला खड्डा नावांचा. नावे रोमन लिपीत, गावांची स्पेलिंगे पोर्तुगीज वळणाची आणि जुन्या अहवालांत कधी आडनाव आधी तर कधी नाव आधी. मडकई, साखळी, पर्ये, केपे, कुडचडे, कुंभारजुवे ही नावे उच्चाराप्रमाणे टाइप करून शोधली तर काहीच हाती लागत नाही. आधी मतदारसंघांची यादी छापून घ्यावी आणि शोध उमेदवाराच्या नावाने न घेता मतदारसंघाच्या क्रमांकाने घ्यावा.

दुसरा खड्डा मतदारसंघांच्या फेररचनेचा. घटकराज्य होण्याआधी गोवा, दमण व दीव विधानसभेत ३० जागा होत्या, त्यांतल्या २८ गोव्याच्या. ३० मे १९८७ नंतर सभागृह ४० जणांचे झाले आणि १९८९ ची निवडणूक नव्या मतदारसंघांवर झाली. प्रतापसिंह राणे १९७२ पासून २०१७ पर्यंत सलग अकरा वेळा निवडून आले, पण सुरुवातीच्या अहवालांत ते सत्तरीत सापडतात आणि १९८९ पासून पर्येत. हे ठाऊक नसेल तर त्यांनी मतदारसंघ बदलला असे कुणीही लिहून मोकळे होईल. २०१२ च्या निवडणुकीत पुन्हा नवी आखणी आली. आधीचा पाळी मतदारसंघ गेला आणि साखळी आली. डॉ. प्रमोद सावंत यांचा २००८ च्या पाळी पोटनिवडणुकीतला पराभव आणि २०१२ चा साखळीतला विजय म्हणूनच दोन वेगळ्या नावांखाली शोधावे लागतात.

तिसरा खड्डा याच उदाहरणात दिसतो. पोटनिवडणुका सार्वत्रिक अहवालात येत नाहीत, त्यांचे निकाल वेगळे काढावे लागतात. मनोहर पर्रीकर २०१७ च्या मार्चमध्ये दिल्लीहून परत येऊन मुख्यमंत्री झाले आणि ऑगस्टमध्ये पणजीतून निवडून आले. फक्त २०१७ चा अहवाल पाहणाऱ्याला त्या वर्षी पणजीत त्यांचे नावच दिसणार नाही. विश्वजित राणे यांचेही तसेच. मार्चमध्ये काँग्रेसचे आमदार म्हणून निवड, लगेच राजीनामा आणि ऑगस्टमध्ये त्याच वाळपईतून भाजपचे आमदार. अहवालात यातला पहिला तुकडाच आहे.

चौथा विधानसभेच्या क्रमांकाचा. २०२२ ची विधानसभा आठवी म्हणतात ती घटकराज्याच्या हिशेबाने, म्हणजे १९८९ पासून मोजून. त्याआधीच्या सहा विधानसभा वेगळ्या मोजल्या जातात. ‘तिसऱ्या विधानसभेचे सदस्य’ असे वाचले की ते १९७२ की १९९९, हे आधी ठरवावे. जुन्या चरित्रटिपणांतली निम्मी गफलत इथून येते.

आता प्रतिज्ञापत्रे. उमेदवाराने मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्हे जाहीर करावेत असा आयोगाचा आदेश २८ जून २००२ चा. गोव्याची निवडणूक त्याच्या आधीच, ३० मे रोजी उरकली होती. त्यामुळे विधानसभेच्या उमेदवारांची पद्धतशीर प्रतिज्ञापत्रे २००७ पासून मिळतात. त्याआधीच्या मालमत्तेविषयी कुणी आकडे फेकले तर ते कुठून आणले, हे विचारावे. मूळ नमुना २६, म्हणजे प्रतिज्ञापत्राचा ठरलेला अर्ज, आयोगाच्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेला असतो, हस्ताक्षरासकट. ‘मायनेता’ या संकेतस्थळावर त्याचाच तक्ता करून दिला आहे. चटकन तुलना करायला तो तक्ता सोयीचा, पण उद्धृत करायचे ते मूळ पानच.

गोव्याच्या प्रतिज्ञापत्रात एक गोष्ट बाहेरच्या पत्रकारांना हमखास चकवते. इथल्या नागरी कायद्याप्रमाणे, वेगळा करार केलेला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. आयकर कायद्यानुसार (१९६१ च्या कायद्यात कलम ५अ) पगार सोडून बाकीचे उत्पन्न दोघांच्या विवरणपत्रांत अर्धे-अर्धे दाखवले जाते. म्हणून नवऱ्याच्या आणि बायकोच्या रकान्यांत कितीतरी ठिकाणी सारखेच आकडे दिसतात. त्यात संशय घेण्यासारखे काही नाही. उलट, फक्त उमेदवाराचा रकाना घेऊन ‘संपत्ती निम्मी झाली’ किंवा ‘दुप्पट झाली’ असा मथळा दिला तर तोच चुकीचा. दोन्ही रकाने मिळवून मगच मागच्या निवडणुकीशी ताडावे. जमिनीच्या बाबतीत खरेदीची किंमत आणि आजची बाजारभावाची किंमत वेगवेगळी लिहिलेली असते. पाच वर्षांतली वाढ बहुतेक वेळा दुसऱ्या आकड्यातली असते, आणि ती उमेदवाराच्या कमाईपेक्षा बार्देश-तिसवाडीतल्या जमिनीच्या भावाविषयी जास्त सांगते. सर्व्हे क्रमांक दिलेला असेल तर फॉर्म १ व १४ हा जमिनीच्या नोंदीचा उतारा काढून क्षेत्रफळ आणि कब्जेदारांची नावे ताडून पाहता येतात. तेवढे कष्ट घेतले की प्रतिज्ञापत्र हा या सगळ्यातला सर्वांत बोलका कागद ठरतो.

इथवर सेवा उत्तम. पुढे अवघड जागा येते. आयोगाच्या अहवालातला पक्षाचा रकाना हा मतदानाच्या दिवसापुरता असतो. १० जुलै २०१९ रोजी काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये विलीन झाले, १४ सप्टेंबर २०२२ रोजी आठ. यातले काहीच त्या रकान्यात दिसत नाही, आणि पुढच्या निवडणुकीत नाव एकदम दुसऱ्या चिन्हापुढे उगवते.

रवी नाईक यांचा १९९१ ते १९९४ हा काळ घ्या. मुख्यमंत्र्यांच्या कुठल्याही यादीत दोन ओळी मिळतील: २५ जानेवारी १९९१ ते १८ मे १९९३, आणि २ ते ८ एप्रिल १९९४. पहिल्यांदा ते का गेले? यादीवरून वाटते, पक्षातल्या लाथाळीत खुर्ची गेली असेल. नुसत्या सहा दिवसांसाठी ते पुन्हा का आले, याचा तर काही तर्कच बसत नाही. उत्तर न्यायालयाच्या कागदांत आहे. १९८९ च्या सभागृहात काँग्रेसचे २० आणि मगोचे १८ होते. मगोतून फुटलेल्या गटाचे नेते म्हणून नाईक मुख्यमंत्री झाले. तेव्हा घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, एक तृतीयांश सदस्यांची ‘फूट’ ग्राह्य होती. सभापती सुरेंद्र सिरसाट यांनी मात्र ती न मानता १५ फेब्रुवारी १९९१ रोजी त्यांना अपात्र ठरवले. मार्चमध्ये सिरसाट पायउतार झाले आणि त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या सायमन डिसोझा यांनी तो आदेश फिरवला. मगोचे डॉ. काशिनाथ जल्मी हा वाद सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले. सभापतींना स्वतःचाच अपात्रतेचा निर्णय फिरवता येत नाही, असे न्यायालयाने ३१ मार्च १९९३ रोजी सांगितले आणि मूळ आदेश पुन्हा जिवंत झाला. मेमध्ये उच्च न्यायालयातही दाद लागली नाही आणि खुर्ची गेली. ९ फेब्रुवारी १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाईक यांची अपात्रता रद्द केली. त्यानंतरच एप्रिलमधले ते सहा दिवस शक्य झाले.

१९९४ च्या याच निवाड्यात ‘स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडणे’ म्हणजे केवळ राजीनामा नव्हे, वागण्यावरूनही ते ठरवता येते, असे म्हटले आहे. देशभरच्या पक्षांतराच्या खटल्यांत आजही तो आधार घेतला जातो. आमदाराचे चरित्र म्हणून वाचायलाही निवाडा फार चांगला: कोण केव्हा राजभवनावर गेले, कुणाचे पत्र कुणाला, नोटिशीला मुदत किती दिली, सगळे तारीखवार. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर निवाडे मोफत आहेत. शोधताना विषय न टाकता पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकावे. आमच्या मते गोव्याच्या राजकारणावर लिहिणाऱ्याने बाकी काही नाही वाचले तरी १९९३ आणि १९९४ चे हे दोन निवाडे वाचावेत. अलीकडच्या पक्षांतरांत एक तृतीयांशाची पळवाट राहिलेली नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती गेली. म्हणून आता ‘फूट’ न म्हणता दोन तृतीयांशांचे ‘विलीनीकरण’ म्हणतात. २०१९ चे दहा आणि २०२२ चे आठ हे आकडे त्याच गणितातून आले.

त्याच घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकारही बांधला. पंधरा टक्क्यांनी गोव्याला सहाच मंत्री आले असते, पण छोट्या राज्यांसाठी किमान मर्यादा बाराची ठेवली. म्हणून इथे मुख्यमंत्री धरून बारा. खाते कुणाकडे केव्हा होते, हे पाहायला राजपत्रासारखी दुसरी नोंद नाही. नियमित अंक गुरुवारी निघतो. पहिल्या मालिकेत कायदे, विधेयके आणि नियम, दुसरीत नेमणुका आणि आदेश, तिसरीत स्थानिक संस्थांच्या सूचना व जाहिराती. खातेवाटप दुसऱ्या मालिकेत शोधावे, पण शपथविधीच्या धामधुमीत ते असाधारण अंकात निघते, आणि नेमके तेच अंक चाळायचे राहून जातात. शपथविधीपासून पुढच्या पंधरवड्यातले सगळे असाधारण अंक पाहिल्याशिवाय ‘खाते मिळाले नाही’ असे लिहू नये.

विधानसभेच्या संकेतस्थळावरून दोन गोष्टी घ्याव्यात: अलीकडच्या सभागृहांची प्रश्नोत्तरे आणि विधेयके. सदस्याचा परिचय जन्मतारीख, शिक्षण, पत्ता एवढ्यापुरता ठीक, कारकीर्दीसाठी पुरेसा नाही. एलएक्यूंची, म्हणजे विधानसभेत विचारलेल्या प्रश्नांची, संख्या मोजून ‘सर्वांत सक्रिय आमदार’ ठरवण्याची एक साथ आली आहे. ती मोजणी बहुतेक वेळा फुकट जाते. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात, त्यामुळे मंत्रिपदाच्या काळात त्यांची संख्या शून्य. सभापतींचेही तसेच. आमदाराचा वकूब कळतो तो तोच प्रश्न पुढच्या अधिवेशनात आधीच्या उत्तराच्या जोडपत्रातले आकडे धरून पुन्हा विचारला का, यावरून. शुक्रवारचे खासगी ठराव आणि अनुदानाच्या मागण्यांवरच्या कपात सूचना हेही पाहावे. तिथे आमदाराला पक्षाच्या चौकटीबाहेर थोडी मोकळीक असते. सभागृहात कोकणी, मराठी आणि इंग्रजी तिन्ही चालतात. म्हणून भाषण शोधताना एकाच लिपीत शोध घेऊन थांबू नये.

जुन्या काळासाठी पाटोवर जाण्यावाचून गत्यंतर नाही. शशिकलाताई काकोडकर यांचे सरकार एप्रिल १९७९ मध्ये मगोचेच तीन आमदार उलटल्यामुळे अनुदानाच्या मागण्यांवर पडले आणि २७ एप्रिलला राष्ट्रपती राजवट आली. आयोगाच्या १९७७ आणि १९८० च्या अहवालांतून यातले काहीही हाती लागत नाही. १८३२ चा वारसा सांगणाऱ्या या ग्रंथालयात गोवाविषयक आणि दुर्मीळ ग्रंथांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि वर्तमानपत्रांचे जुने अंक हीच त्याची खरी श्रीमंती. जाताना नेमकी तारीख हातात हवी. ‘सत्तर साली केव्हातरी’ असे म्हणून गेल्यास दिवस वाया जातो. एक वर्तमानपत्र वाचून उठू नये. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या आधी ‘गोमन्तक’ गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूने तर मडगावचा ‘राष्ट्रमत’ विरोधात. एकाच सभेचे वृत्त दोन्हीकडे शेजारी ठेवून वाचावे. खाणीसंबंधी कुठल्याही आमदाराची भूमिका तपासताना तर ‘गोमन्तक’ चौगुल्यांनी काढलेला आणि ‘नवहिंद’, ‘नवप्रभा’ धेंप्यांचे, आणि ही दोन्ही खाणवाली घराणी, हे ध्यानात ठेवूनच पान उलटावे.