अमेरिकेला निघताना फोनचं काय करायचं: इथला न्यायचा, तिथे 'फुकट' घ्यायचा की रोखीनं घ्यायचा?

ऑगस्टच्या सेमिस्टरला अमेरिकेत निघालेल्या मुलामुलींच्या घरी बॅगेची यादी होते. कुकर, मेतकूट, गोडा मसाला, चष्म्याचा जास्तीचा जोड, सगळं आठवणीनं लिहिलेलं असतं. फोनचं मात्र "तिकडे गेल्यावर बघू" असं ठरतं. मग पहिल्याच आठवड्यात, झोप पुरी झालेली नसताना, मोबाइल कंपनीच्या दुकानात उभ्या उभ्या 36 महिन्यांच्या करारावर सही होते. हा हिशोब घरी बसून आधीच करावा, असं मला मनापासून वाटतं.

आपली पंचाईत अशी की आपल्याला फोन आणि सिम वेगवेगळं घ्यायची सवय आहे. फोन दुकानातून आणायचा, सिम हवं त्या कंपनीचं घालायचं. 2003 च्या सुमारास आलेले रिलायन्सचे सीडीएमए फोन किंवा 2017 चा जिओफोन हे अपवाद. ते एकाच कंपनीचे होते आणि घेणाऱ्यांना ते ठाऊक होतं. अमेरिकेत उलट आहे. तिथे बहुतेक लोक फोनसुद्धा मोबाइल कंपनीकडूनच घेतात. असा फोन हप्ते फिटेपर्यंत त्या कंपनीला बांधलेला, म्हणजे लॉक केलेला असतो.

फोनमध्ये काय चालू ठेवायचं आणि काय नाही, हे तिथल्या कंपन्या फार पूर्वीपासून ठरवत आल्या आहेत. 2006 मध्ये नोकियाचा ई61 हा फोन सिंग्युलर कंपनीनं अमेरिकेत ई62 या नावानं विकला, तो वाय-फाय काढून. 2012 मध्ये मोबाइल डेटावर फेसटाइम, म्हणजे ॲपलचं व्हिडिओ कॉलिंग सुरू झालं, तेव्हा एटी अँड टीनं ते आधी फक्त ठरावीक प्लॅन घेणाऱ्यांनाच दिलं. त्याच वर्षी हॉटस्पॉटची ॲप्स अडवल्याच्या प्रकरणात व्हेरायझननं सरकारशी तडजोड करून साडेबारा लाख डॉलर भरले. आज वाय-फाय काढून फोन विकत नाहीत, पण हॉटस्पॉट, वाय-फाय कॉलिंग (सिग्नल नसेल तिथे वाय-फायवरून साधा कॉल लावायची सोय) आणि दुसरं सिम यांची किल्ली पुष्कळदा अजून कंपनीकडेच असते. किमतीची तुलना करताना हे सगळं पारड्यात टाकायला हवं.

इथला फोन नेला तर

हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, कारण फोन आधीच खिशात आहे. पण 2022 नंतर त्यात एक मोठी अडचण आली. तिथल्या तीन मोठ्या मोबाइल कंपन्यांपैकी एटी अँड टीनं फेब्रुवारी 2022 मध्ये 3जी बंद केलं. टी-मोबाइलनं त्याच उन्हाळ्यात आणि व्हेरायझननं वर्षअखेर. तेव्हापासून तिथे साधा कॉलसुद्धा जवळजवळ सगळीकडे 4जी किंवा 5जीवरूनच, म्हणजे व्होल्टीनं जातो. कोणत्या फोनला व्होल्टी द्यायचं हे कंपनी ठरवते. एटी अँड टीची तर मान्य फोनची छापील यादीच आहे. यादीत नाव असून भागत नाही, मॉडेल नंबर जुळावा लागतो. एकाच नावाचा सॅमसंग भारतात एका नंबरानं विकला जातो आणि अमेरिकेत दुसऱ्या.

हे बाहेरून लक्षात येत नाही, म्हणून मुलं फसतात. फोनवर नेटवर्कच्या कांड्या दिसतात, व्हॉट्सॲप चालतं, आईशी व्हिडिओवर बोलणं होतं. मग घरमालक फोन करतो आणि तो लागत नाही. बँकेच्या माणसाचा लागत नाही. 911, म्हणजे तिथला आपत्कालीन नंबर, लावायची वेळ आली तर काय, हा विचारही तेव्हाच पहिल्यांदा मनात येतो.

दुसरी गोष्ट बँडची, म्हणजे सिग्नल ज्या फ्रिक्वेन्सीवर चालतो तिची. टी-मोबाइलचा शहराबाहेर आणि इमारतींच्या आत पोचणारा सिग्नल बराचसा 600 मेगाहर्ट्झवर, म्हणजे बँड 71 वर आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या मध्यम किमतीच्या पुष्कळ फोनमध्ये हा बँड नसतो. आपल्याकडे 5जी मुख्यतः एन 78 वर चालतं, तर व्हेरायझन आणि एटी अँड टीचं एन 77 वर. त्यामुळे फोनच्या माहितीत एन 77 लिहिलेलं आहे का ते बघा. भारतातले अलीकडचे आयफोन तिन्ही नेटवर्कवर सहसा नीट चालतात. त्यांत अमेरिकन मॉडेलमधलं मिलिमीटर वेव्ह 5जी नसतं, पण ते मोठ्या शहरांतल्या मोजक्या चौकांत आणि स्टेडियममध्ये मिळतं. त्यासाठी जीव टाकू नये.

खात्री करायला पाच मिनिटं लागतात. डायल पॅडवर *#06# दाबा, पडद्यावर पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक येतो. तिन्ही कंपन्यांच्या वेबसाइटवर तो घालून फोन चालेल की नाही ते पाहता येतं. दोन सिमचा फोन असेल तर दोन आयएमईआय दिसतील, दोन्ही तपासा.

दुकानातला 'फुकट' फोन

पाटी खोटी नसते, अपुरी असते. 800 डॉलरचा फोन 36 हप्त्यांत विकला की महिन्याला 22 डॉलर 22 सेंट होतात, आणि तेवढीच सूट दर महिन्याच्या बिलात जमा होते. म्हणून फोन फुकट. एटी अँड टी आणि व्हेरायझनचे हप्ते सहसा 36 महिन्यांचे असतात, टी-मोबाइलचे पुष्कळदा 24. एमएस दोन वर्षांचं असतं. समजा नोकरी दुसऱ्या देशात लागली किंवा परत यायचं ठरलं आणि 24 महिन्यांनी कनेक्शन बंद केलं, तर पुढची सूट थांबते आणि उरलेले 12 हप्ते, म्हणजे जवळपास 267 डॉलर एकदम भरावे लागतात.

विक्रीकर बहुधा पूर्ण किमतीवर आणि पहिल्याच दिवशी. न्यू जर्सीत तो 6.625 टक्के आहे, म्हणजे 800 डॉलरच्या फुकट फोनला 53 डॉलर. शिवाय ही सूट हवी तर पोस्टपेडचा ठरावीक अनलिमिटेड प्लॅन घ्यावा लागतो. समजा तो महिन्याला 70 डॉलर पडला आणि त्याच नेटवर्कवरचा साधा प्रीपेड प्लॅन 25 ला मिळत होता, तर फरक 45 चा. दोन वर्षांचे 1,080 डॉलर. फोनची पूर्ण किंमत भरून वर काही उरतं. क्रेडिट इतिहास नसलेल्या नव्या विद्यार्थ्याकडून पोस्टपेडसाठी अनामतही मागितली जाऊ शकते.

पैशांहून मला जास्त खटकतं ते लॉक. माझी भाची असा फोन घेऊन डिसेंबरच्या सुट्टीत कराडला आली. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण हा नियम एकट्या तिच्या कंपनीचा नव्हता. तिच्या बाबांनी आधीच नवं सिम आणून टेबलावर ठेवलं होतं. तिनं फोन चारही बाजूंनी फिरवून दाखवला. "मामा, सिम घालायला जागाच नाही याला." अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला 14 पासून सिमचा ट्रे नसतो, फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम. मग आम्ही दुकानात जाऊन सिमचं ई-सिम करून आणलं आणि क्यूआर कोड स्कॅन केला. फोननं सांगितलं की तो दुसऱ्या कंपनीला लॉक आहे. पूर्ण सुट्टी तिनं आजीच्या जुन्या फोनवर काढली.

सुट्टी एकदाच येते. खरी गरज रोजची असते. शैक्षणिक कर्ज इथल्या बँकेचं, खातं इथलं, आणि ओटीपी येतो भारतातल्या नंबरवर. लॉक असलेल्या फोनमध्ये तो नंबर दुसरी लाइन म्हणून ठेवता येत नाही. फोनला दोन लाइनची सोय असूनही ती वापरता येत नाही. माझ्या मते 'फुकट' फोनची सगळ्यात मोठी किंमत ही आहे, आणि ती कुठल्याच बिलावर छापलेली नसते.

अनलॉक करून मिळत नाही असं नाही. 2014 च्या कायद्यानं ग्राहकाला फोन अनलॉक करायची मोकळीक दिली. पण एटी अँड टी आणि टी-मोबाइल यांच्याकडे फोनचे पूर्ण पैसे फिटलेले असावे लागतात आणि वर किमान काही दिवस वापर झालेला असावा लागतो. एटी अँड टीकडे 60 दिवस, टी-मोबाइलकडे 40. व्हेरायझनकडे 2019 पासून कित्येक वर्षं हप्ते बाकी असले तरी 60 दिवसांनी लॉक आपोआप निघत असे. हे नियम बदलतात, म्हणून खरेदीच्या दिवशी अनलॉकचं पान वाचून घ्यावं आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. मोठ्या दुकानांत टांगलेले प्रीपेडचे स्वस्त फोनही लॉक असतात, पुष्कळदा सहा महिने ते वर्षभर. त्यांच्यावर मी जास्त लिहीत नाही. परत येताना त्यांचा उपयोग नसतो.

तरी एका परिस्थितीत मी हाच फोन घ्या म्हणेन. काका किंवा मावशी तिथे राहतात, त्यांच्या फॅमिली प्लॅनमध्ये चौथी-पाचवी लाइन जोडून मिळते, पीएचडीसाठी पाच वर्षं राहायचं नक्की आहे, आणि भारतातलं सिम घातलेला जुना फोन कपाटात चार्जिंगला लावून ठेवायची तयारी आहे. मग दर लाइनमागचा खर्च इतका उतरतो की वरचं गणित पालटतं.

रोखीनं अनलॉक्ड

2024 चा आयफोन 16 घेऊ. जाहिरातीत 799 डॉलर होते, पण त्यात मोबाइल कंपनीशी जोडून घेतल्याची 30 डॉलरची सूट धरलेली होती. कोणत्याही कंपनीशी न जोडता 829. न्यू जर्सीच्या करासह सुमारे 884 डॉलर, आणि तेव्हाच्या साधारण 84 च्या दरानं 74 हजार 250 रुपयांच्या आसपास. भारतात तोच फोन 79,900 ला होता आणि कार्डावरची सूट वेगळी. म्हणजे "अमेरिकेत आयफोन किती स्वस्त" ही समजूत साध्या मॉडेलपुरती तरी जुनी झाली आहे. भारतातल्या फोनला प्रत्यक्ष सिमची जागा आहे, अमेरिकन फोनला नाही. ज्याला भारतातला नंबर जपायचा आहे त्याच्यासाठी हा फरक पाच हजार रुपयांहून मोठा आहे. प्रो मॉडेलमध्ये फरक जास्त पडतो, तिथे हिशोब नव्यानं करावा. डेलावेअर आणि ओरेगनमध्ये विक्रीकरच नाही, हेही लक्षात असू द्या.

अँड्रॉइड हवा असेल तर मी तिथेच जाऊन, अमेरिकन मॉडेलचा अनलॉक्ड फोन घ्या म्हणेन. व्होल्टी आणि बँडची कटकट मिटते. भारतातून नेलेल्या सॅमसंगमध्ये वाय-फाय कॉलिंगचं बटणच दिसत नाही असं अनेकदा होतं, आणि तळघरातल्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला ते बटण फार लागतं.

अनलॉक्ड फोन घेतला म्हणून हॉटस्पॉट मोकळा होतो असं मात्र समजू नका. तो प्लॅनवर अवलंबून असतो. स्वस्त अनलिमिटेड प्लॅनमध्ये ठरावीक जीबीनंतर हॉटस्पॉट रांगायला लागतो, आणि व्हिजिबल या स्वस्त मोबाइल सेवेच्या मूळ प्लॅनमध्ये तो सुरुवातीपासूनच 5 एमबीपीएसला बांधलेला असतो. घरी वाय-फाय न घेता लॅपटॉप फोनवर चालवायचा बेत असेल तर प्लॅनमधलं 'हॉटस्पॉट' या शब्दापुढचं वाक्य आधी वाचा.

कॅनडा किंवा ब्रिटनला निघालेल्यांना यातलं लॉकचं प्रकरण लागू नाही. कॅनडात डिसेंबर 2017 पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर 2021 पासून कंपन्यांना लॉक केलेले फोन विकता येत नाहीत.

यंदा भाचीचा धाकटा भाऊ निघालाय. त्याच्याकडे दोन वर्षांपूर्वी इथे घेतलेला आयफोन आहे, तोच नेतोय. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे कॅरियर लॉकसमोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं आलेलं त्यानं मला दाखवलं. त्याच्या बाबांचं सिम ट्रेमध्ये राहील आणि तिथलं ई-सिम दुसऱ्या लाइनवर येईल. आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घेतलंय, वर्षभराच्या वैधतेचं रिचार्ज मारलंय. बँकेत लावलेला नंबर हाच आहे का, एवढं बघायला तो सोमवारी शाखेत जाणार आहे.