पॅव्हूकंट्रोल : आवाज कुठे अडला हे दाखवणारा प्रोग्राम

गेल्या महिन्यात लॅपटॉपवरील लिनक्सचे अपडेट पूर्ण करून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा सर्व काही जागच्या जागी होते. फक्त आवाज नव्हता. अशा वेळी हाताला येईल ती आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवत सुटण्याचा मोह होतो (मलाही झाला), आणि मग मूळ बिघाड कोणता व आपण घातलेला गोंधळ कोणता, हे ओळखू येईनासे होते. त्याऐवजी पॅव्हूकंट्रोल हा मोफत प्रोग्राम आधी उघडावा, असे माझे अनुभवांती मत झाले आहे.

हा प्रोग्राम मुळात पल्सऑडिओसाठी, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रामांचा आवाज स्पीकरपर्यंत पोहोचवणाऱ्या व्यवस्थेसाठी, लिहिला गेला. फेडोरा या लिनक्सच्या प्रकाराने २०२१ मध्ये आणि उबुंटू या दुसऱ्या प्रकाराने २०२२ मध्ये पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर ही नवी व्यवस्था आणली. परंतु पाइपवायरला पल्सऑडिओची भाषा समजत असल्यामुळे तिथेही तो विनातक्रार चालतो.

त्याची खरी किंमत कळते ती आवाजाबरोबर हलणाऱ्या पट्ट्यांमुळे. ‘प्लेबॅक’ विभागात गाण्याच्या नावाखालची पट्टी हलत असेल, तर गाणे वाजवणारा प्रोग्राम आपले काम करीत आहे, हे निश्चित होते. त्यानंतर ‘आउटपुट डिव्हाइसेस’मध्ये जाऊन कोणत्या साधनाची पट्टी हलते ते पाहावे. माझ्याकडे ती एचडीएमआयपुढे हलत होती; म्हणजे स्पीकरच नसलेल्या मॉनिटरकडे सगळा आवाज निमूटपणे जात होता! शेवटच्या ‘कॉन्फिगरेशन’ विभागात साउंड कार्डाचे प्रोफाइल (आवाज कोणत्या मार्गाने आत-बाहेर जावा याची मांडणी) बदलून ‘अ‍ॅनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स’ केले आणि त्याच क्षणी लॅपटॉपचे स्पीकर बोलू लागले. तासभर चाललेली माझी खटपट एका यादीतील एका निवडीवर येऊन संपली, याचे समाधान वाटावे की लाज, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

उणिवाही आहेत. प्रोफाइलची नावे नवख्याला काहीच सांगत नाहीत, आणि कोणते निवडावे याचे मार्गदर्शन कुठेही मिळत नाही. आवाज शंभर टक्क्यांच्या पलीकडे नेता येतो. मात्र तिथे तो फाटू लागतो, म्हणून ती सोय जपूनच वापरावी.

शिवाय याची नजर एका मर्यादेपुढे पोहोचत नाही. योग्य साधनाची पट्टी हलत असूनही स्पीकर मुकेच राहिले, तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (साउंड कार्डाचे स्वतःचे आवाजाचे मार्ग दाखवणारा प्रोग्राम) उघडावे. एखाद्या रकान्याखाली ‘एमएम’ दिसल्यास तो मार्ग बंद आहे असे समजून ‘एम’ कळ दाबावी. साधनांच्या यादीत केवळ ‘डमी आउटपुट’ उरले असेल, तर बहुधा प्रणालीला साउंड कार्डच सापडलेले नाही. तेव्हा पॅव्हूकंट्रोल बंद करून, संगणक सुरू होतानाच्या यादीतून आधीचे कर्नल (लिनक्सचा गाभा, जो साउंड कार्डासारखी साधने चालवतो) निवडून पाहावे. त्यावर आवाज आला, तर दोष नव्या कर्नलच्या बाजूला शोधावा लागेल.