सार्वमतात मत कुणाचं? दादरच्या वादविवाद कार्यशाळेविषयी

'अमुक प्रदेशाला स्वातंत्र्यासाठी सार्वमत मिळायला हवं' असा विषय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आला की दोन्ही बाजू ठरलेल्या वाटेने जातात. अनुकूल बाजू अन्यायाचा इतिहास मांडते, प्रतिकूल बाजू देशाच्या अखंडतेवर बोलते, आणि मत नक्की कुणी द्यायचं हे शेवटच्या भाषणापर्यंत कुणी विचारतच नाही. दादर पश्चिमेला रविवारी सकाळी भरणारी ही कार्यशाळा थेट त्याच प्रश्नाला हात घालते. काही उणिवा आहेत आणि त्या पुढे सांगतोच, पण या विषयाची मराठीतून इतकी मुद्देसूद तयारी करून घेणारं दुसरं ठिकाण मुंबईत आमच्या पाहण्यात नाही.

वेळ साडेतीन तास, जागा चोवीस जणांची, सहा-सहांची चार टेबलं. पाचशे रुपयांत जो संच मिळतो तो घरी नेता येतो. त्यात छत्तीस मतदार कार्डं, आठ देशांची एकपानी माहितीपत्रं आणि एक कोरी नियमपत्रिका असते. सगळा जीव त्या कार्डांत आहे. प्रत्येक कार्डावर एक काल्पनिक माणूस: वय, जन्मस्थळ, सध्याचा पत्ता, तिथे किती वर्षं, नागरिकत्व, आईवडिलांचा जन्म कुठला.

पहिल्याच फेरीत स्कॉटलंडची चार कार्डं टेबलावर येतात. ग्लासगोत जन्मलेली, आता लंडनमध्ये नोकरी करणारी चौतीस वर्षांची बाई. एडिनबरात शिकणारा, भारतीय पासपोर्टचा तेवीस वर्षांचा मुलगा. अबर्डीनमध्ये राहणारी पोलंडची नागरिक. आणि डंडीतली सोळा वर्षांची शाळकरी मुलगी. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात यांपैकी मत कुणाला होतं? बहुतेक टेबलं ग्लासगोच्या बाईला आत घेतात आणि भारतीय मुलाला बाहेर ठेवतात. खरं उत्तर नेमकं उलटं आहे. त्या सार्वमताचा निकष वास्तव्याचा होता. स्कॉटलंडमध्ये रीतसर राहणारे राष्ट्रकुलातले आणि युरोपीय संघातले नागरिक मतदार होते, वयाची अट सोळावर आणली होती, आणि स्कॉटलंडबाहेर स्थायिक झालेल्यांना, मग ते स्कॉटलंडमध्येच का जन्मलेले असेनात, मत नव्हतं. म्हणजे चौघांपैकी एकटी ग्लासगोची बाई बाहेर.

मग तीच चार कार्डं २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतासाठी पुन्हा लावायला सांगतात. आता ग्लासगोची बाई आत येते, भारतीय मुलगा आतच राहतो, पोलंडची बाई आणि सोळा वर्षांची मुलगी बाहेर जातात. माणसं तीच, वयं तीच, देशही तोच ब्रिटन, आणि 'जनता' मात्र वेगळी. व्याख्यान देऊन हा मुद्दा समजावता आला नसता. कार्डं हाताने उचलून दुसऱ्या ढिगात टाकावी लागतात तेव्हाच तो पटतो.

दुसरी फेरी नियमपत्रिकेची. प्रत्येक टेबलाने चाळीस शब्दांत मतदार कोण ते लिहायचं. पत्रिकेवर चार रकाने: निकष, तारीख, वय, पुरावा. निकषावर सगळे वीस मिनिटं भांडतात आणि तारखेचा रकाना कोरा राहतो. इथे शिकवणाऱ्या ताई मुद्दाम काही बोलत नाहीत. शेजारच्या टेबलाला तो नियम मोडून दाखवायला सांगतात. 'इथे राहणारे सर्व प्रौढ' असं लिहिलं की समोरून प्रश्न येतो, कोणत्या दिवशी राहणारे? मतदानाचा दिवस धरला तर मधल्या वर्षात माणसं आणून वसवता येतात. फार मागची तारीख धरली तर तिथेच संसार थाटलेली माणसं परकी ठरतात.

न्यू कॅलेडोनियाचं माहितीपत्र इथे कामाला येतं, कारण फ्रान्सच्या या प्रदेशाइतका तारखेचा घोळ दुसरीकडे क्वचितच झाला असेल. १९९८ च्या नुमेआ करारानुसार तिथे तीन सार्वमतं झाली. २०१८ मध्ये सुमारे ५६.७ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात पडली, २०२० मध्ये ५३.३ टक्के. २०२१ मध्ये स्वातंत्र्यवाद्यांनी बहिष्कार घातला, मतदान ४४ टक्क्यांच्या आत राहिलं आणि विरोधी मतं ९६ टक्क्यांच्या वर गेली. यादी खास होती. बाहेरून आलेल्यांसाठी ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत सलग वीस वर्षं वास्तव्याची अट होती, शिवाय स्थानिक कनाक समाजासाठी आणि तिथे जन्मलेल्यांसाठी वेगळी दारं.

माहितीपत्रातली एक ठळक चूक इथेच आहे. त्यात वीस वर्षांच्या अटीऐवजी दहा वर्षांची अट छापली आहे. दहा वर्षांचा नियम प्रांतिक निवडणुकांचा. ती यादी १९९८ पर्यंत आलेल्यांवरच गोठवली होती आणि ती खुली करण्याच्या प्रस्तावावरूनच मे २०२४ मध्ये तिथे दंगली पेटल्या. दोन याद्यांची सरमिसळ स्पर्धेत झाली आणि समोर जाणकार परीक्षक असला तर अख्खा युक्तिवाद कोसळतो. संच घेणाऱ्यांनी त्या पानावर पेनाने दुरुस्ती करून ठेवावी.

पुराव्याच्या रकान्यासाठी पश्चिम सहाराचं (पूर्वीची स्पेनची वसाहत, नंतर मोरोक्कोने दावा सांगितलेला प्रदेश) उदाहरण दिलं आहे आणि ते चपखल आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये तिथे सार्वमतासाठी मिशन उभारलं. आधार होता स्पेनच्या १९७४ च्या जनगणनेचा, ज्यात सुमारे ७४ हजार माणसं नोंदली होती. भटक्या टोळ्यांतलं कोण त्या प्रदेशाचं आणि कोण मोरोक्कोतलं, यावर ओळख पटवण्याचं काम वर्षानुवर्षं अडलं, अपिलांचे ढीग लागले, आणि सार्वमत आजतागायत झालेलं नाही. 'लोकांनाच ठरवू द्या' म्हणून खाली बसणाऱ्या वक्त्याला हे एक उदाहरण गप्प करतं. लोक कोण हे ठरवणारा मात्र लोकांच्या आधी येऊन बसलेला असतो, आणि चर्चा त्याच्या अधिकाराची व्हायला हवी.

पूर्व तिमोरचं पत्र सगळ्यांत चांगलं उतरलं आहे. ३० ऑगस्ट १९९९, वयाची अट सतरा. तिथे जन्मलेले, ज्यांच्या आई किंवा वडिलांपैकी एक तिथे जन्मलेला आहे असे, आणि अशांचे नवरे-बायका, एवढेच मतदार. परदेशांतही केंद्रं होती. इंडोनेशियाच्या राजवटीत बाहेरून येऊन वसलेल्यांना निव्वळ वास्तव्यावर मत मिळू नये आणि परागंदा झालेल्यांचं मत जाऊ नये, ही दोन्ही कामं त्या एका नियमाने केली. निकाल ७८.५ टक्के, प्रस्तावित स्वायत्तता नाकारणारा, म्हणजेच स्वातंत्र्याच्या बाजूचा. स्कॉटलंडचा वास्तव्याचा नियम तिथे अन्यायाचा ठरला असता, आणि तिमोरचा जन्माचा नियम स्कॉटलंडमध्ये. लोकसंख्या कशी हलली, कुणी हलवली, हे आधी बघायचं आणि निकष मग निवडायचा. अनुकूल बाजूने एवढं एक सूत्र धरलं तरी तिची केस उभी राहते.

माँटेनिग्रोचं पत्र अपुरं आहे. २००६ मध्ये सर्बियापासून वेगळं होण्यासाठी ५५ टक्क्यांचा उंबरठा होता आणि ५५.५ टक्के मतं पडली, एवढंच त्यात आहे. सर्बियात कायम राहणाऱ्या माँटेनिग्रिन लोकांना मत नव्हतं, ही बाब गाळली आहे. जिथे निकाल अर्ध्या टक्क्याने लागला तिथे हीच बाब निर्णायक. कॅनडातल्या क्युबेक प्रांताचं १९९५ चं पत्र मात्र नीट आहे. वेगळं होण्याच्या विरोधात ५०.५८ टक्के, बाजूने ४९.४२ टक्के, फरक ५५ हजारांच्या आत आणि बाद मतपत्रिका सुमारे ८६ हजार. यादीइतकीच मोजणीचीही खबरदारी का घ्यायची, ते या आकड्यांतून आपोआप कळतं.

आता सगळ्यांत मोठी उणीव. आठ देशांच्या त्या संचात गोवा नाही. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल स्वातंत्र्याचा नव्हता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं एवढाच होता. पण मतदार कोण, हा वाद तिथे अगदी याच स्वरूपात झाला. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या जॅक सिक्वेरांची मागणी होती की मुंबईत आणि इतरत्र असलेल्या गोवेकरांनाही मत द्या. ती मान्य झाली नाही. विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित राहण्यासाठी दोन पानं अशी चिन्हं होती. दोन पानांना १,७२,१९१ मतं मिळाली, फुलाला १,३८,१७०. धोबी तलावाच्या कुडांमध्ये (गावागावांच्या गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांत) राहणारा, गावच्या चर्चच्या फेस्ताला दरवर्षी जाणारा खलाशी गोव्याच्या भवितव्यात मतदार होता का, हा प्रश्न दादरमध्ये बसून चर्चेला घ्यायचा नाही तर कुठे? विलीनीकरणाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे, दोन्हीकडचे लोक या शहरात होते. मराठी वक्त्याला अडचणीत टाकणारं उदाहरण म्हणून ते गाळलं असेल तर ते अधिकच चूक, कारण स्वतःची बाजू हरलेली असताना नियम योग्य होता का हे तपासणं, हीच या विषयाची खरी परीक्षा आहे.

ताईंनी ही कसर थोडी भरून काढली आहे ती चाकरमान्याच्या कार्डाने. रत्नागिरी जिल्ह्यात घर, शिमग्याला आणि गणपतीला गावी, बाकी वर्ष परळला. भारतीय कायद्यात मतदार नोंदणीचा आधार 'सर्वसाधारण वास्तव्य' हा आहे. गावात नुसतं घर नावावर असणं पुरत नाही आणि तात्पुरतं बाहेर गेल्याने नाव जातही नाही. हे कार्ड आलं की स्कॉटलंडच्या वेळी गोंधळलेलं टेबलही पटापट बोलायला लागतं. एकच सूचना: हे कार्ड आता तिसऱ्या फेरीत येतं, ते पहिल्यात आणावं.

शेवटच्या सव्वा तासातली चाचणी फेरी निराश करते. संसदीय पद्धत, पंधरा मिनिटं तयारी, आठ वक्ते, सात-सात मिनिटं, पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मध्ये प्रश्नांना मुभा. म्हणजे छप्पन्न मिनिटांत चोवीसांतले आठच जण बोलतात आणि सोळा जण गुणपत्रिका भरत बसतात. आपल्याकडच्या बहुतेक मराठी स्पर्धा दोघांच्या संघाच्या, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल अशा असतात. चार टेबलांवर एकाच वेळी चार-चार मिनिटांची भाषणं घेतली तर तेवढ्याच वेळात सगळे बोलतील. हॉल लहान आहे, आवाज एकमेकांत मिसळेल हे खरं, पण बाहेरच्या व्हरांड्यात दोन टेबलं सहज मावतात.

गुणपत्रिका मात्र मागून घ्यावी अशी आहे. शंभरातले तीस गुण मतदाराच्या व्याख्येला, आणि व्याख्या तिसऱ्या मिनिटानंतर आली तर त्यांतले निम्मे वजा. प्रतिकूल बाजूने पर्यायी व्याख्या न देता नुसती त्रुटी काढली तर तिलाही दहाच्या वर जाता येत नाही.

पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या स्पर्धकांना आणि संघ तयार करणाऱ्या प्राध्यापकांना ही कार्यशाळा जरूर उपयोगी पडेल. शाळेतल्या मुलांना साडेतीन तास जड जातील. संघातले दोघे एकाच टेबलावर बसू नका, नाहीतर एकमेकांचा नियम मोडून बघण्याची संधी जाते. सोबत कोरी पुठ्ठ्याची कार्डं न्या आणि जेवणाच्या सुट्टीत गोव्याची चार कार्डं लिहून काढा: म्हापशाचा शेतकरी, धोबी तलावचा खलाशी, मडगावात १९६२ नंतर बदली होऊन आलेला मराठी कारकून, आणि दमणची शिक्षिका. दमण आणि दीवही त्याच मतदानात होते, ते विसरू नका.