टर्बो इंजिनाच्या नावाखाली अण्णांच्या जीपचं इंजिन गेलं

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९२ साली महिंद्राची एमएम ५४० घेतली. सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याच्या वरच्या अंगाच्या वाड्यांना तेव्हा धड रस्ते नव्हते. भाताची पोती, अडलेली बाळंतीण, लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्या जीपमधून गेलंय. इंजिन प्यूजोचं, एक्सडीपी ४.९०. २११२ सीसी, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नाही, ताकद साधारण ६२ हॉर्सपॉवर. ऑइल बदललं की अण्णा टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, पांढऱ्या ऑइलपेंटनं तारीख लिहायचे. जुन्या तारखेवर काट मारायची, खाली नवी. अण्णा गेले तेव्हा त्या कव्हरवर लिहायला जागा उरली नव्हती.

२०२० नंतर गाडी दमायला लागली. केळघर घाटात चार माणसं बसली की दुसऱ्या गिअरशिवाय चढेना, थंडीत सुरू करताना हीटर दोन-दोनदा द्यावा लागे. बोअर करून पिस्टन-रिंग टाकायचा खर्च साठ हजारांच्या घरात सांगितला गेला. तेवढ्यात नात्यातल्या एकानं पुण्याकडच्या एका गॅरेजवाल्याचं नाव सुचवलं. जुन्या जीपांना टर्बो डिझेल बसवून देतो म्हणे. नाव-गाव मी इथे लिहीत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. पण पद्धत सविस्तर लिहितो, कारण याच पद्धतीनं आणखी दोघं फसल्याचं मला नंतर कळलं.

त्यानं सांगितलं ते असं. जपानहून कापून आलेल्या गाडीचं टोयोटाचं टूएल-टी इंजिन आहे, २४४६ सीसी, फॅक्टरीचा टर्बो, डिझेलचा पंप मेकॅनिकल, त्यामुळे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरची भानगड नाही. यातलं इंजिनाबद्दलचं सगळं खरं आहे. टूएल-टी असं इंजिन खरंच असतं आणि जुन्या जीपला ते शोभतंही. म्हणूनच मी ऐकत गेलो. एकूण एक लाख पंच्याऐंशी हजार ठरले. आगाऊ एक लाख वीस हजार रोख दिले, पुढे चाळीस हजार यूपीआयनं. आरसीवर नवा इंजिन नंबर चढवायचे पंचवीस हजार वेगळे, तेही रोख. "आरटीओचं माझ्याकडं सोडा, शेठ. तुम्ही फक्त पेढे घेऊन या," असं तो म्हणाला. आमचं जुनं इंजिन ठेवून घेऊन त्याचे पंधरा हजार वजा करायचं त्यानंच सुचवलं. मी हो म्हणालो. या सगळ्या व्यवहारात माझी सर्वांत मोठी चूक ती, पैसे दिले त्याहूनही मोठी.

इंजिन दाखवायला बोलावलं तेव्हा ते स्टँडवर चालू होतं. गरम होतं. आता कळतं की ते मुद्दाम गरम करून ठेवलेलं. थंड इंजिन पहिल्या स्टार्टला किती धूर टाकतं, किती वेळ खडखडतं, हे त्यामुळे दिसलंच नाही. ब्लॉकवर टोयोटाचं टूएल आणि पुढे नंबर होता. मी नुसता वाचला. फोटो काढला नाही.

दोन महिन्यांचे पाच महिने झाले. दर वेळी कारण नवं: अडॅप्टर प्लेट टर्नरकडे आहे, फाउंडेशन वेल्डिंगला दिलंय, रेडिएटरवाला गावाला गेलाय. शेवटी नोव्हेंबर २०२१ मध्ये गाडी हातात आली. सोबत आरसीची झेरॉक्स, तिच्यावर नवा नंबर हातानं लिहिलेला आणि गोल शिक्का. बिल मागितलं तर साध्या कागदावर "इंजिन काम, पूर्ण" एवढंच. पहिले तीन आठवडे गाडी अशी पळाली की सज्जनगडाचा चढ मी तिसऱ्यात चढलो. आईला पुढे बसवून घेऊन गेलो होतो.

चौथ्या आठवड्यात केळघर घाटात काट्यानं तापमान वर दाखवलं, मागे काळ्या धुराचा लोट, आणि वळणावर गाडीची ताकद एकदम गेली. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून फस्‌फस्‌ धूर येत होता. ट्रॅक्टरनं ओढून गाडी साताऱ्याला आणली.

तिथे एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडलं, पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग पंपाच्या डोक्यावर बोट ठेवलं. "बाळा, हा टर्बोचा पंप नाही." टर्बोच्या इंजिनाला पंपावर गोल डबी असते, तिच्यात पडदा असतो आणि इनटेक मॅनिफोल्डकडून तिला एक बारीक पाइप येतो. टर्बोचा दाब वाढला की ती डबी डिझेल वाढवते, दाब नसला की कमी ठेवते. आमच्या पंपाचं डोकं सपाट होतं. फक्त डिझेलचा स्क्रू बाहेरून पिळून वाढवलेला, त्याच्या लॉकनटावर ताजे पान्याचे व्रण.

मग गाडी वर घेतली. टर्बोमधून परतणारं ऑइल संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, सोडायला कंपनीची सोय असते. आमच्या संपला ड्रिलनं भोक पाडून नट वेल्ड केला होता, वर एम-सील. टर्बोला ऑइल जाणारी नळी ऑइल प्रेशरच्या स्विचपाशी टी मारून काढलेली. हेड उतरवलं तेव्हा तिसऱ्या पिस्टनचा काठ मेण वितळावं तसा वितळला होता आणि हेडला दोन व्हॉल्व्हच्या मधोमध तडा होता. तो पिस्टन मामांनी माझ्या हातात दिला. खडबडीत, काळा, एका बाजूनं गुळगुळीत ओघळलेला. मी अजून तो कपाटात ठेवलाय.

म्हणजे टर्बो नसलेलं साधं टूएल इंजिन, आपल्याकडे २००० ते २००५ या काळात क्वालिस गाडीला यायचं ते, आणि त्याला बाहेरून कुठल्या तरी गाडीचा जुना टर्बो जोडलेला. टर्बोच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं असतं, पिस्टन वेगळे असतात. साध्या इंजिनात हवा दाबून वर बेहिशेबी डिझेल ओतलं की ते काही दिवस जोरात पळतं. ते काही दिवस पैसे पूर्ण मिळेपर्यंत पुरतात.

मी फोन केला. आधी "घाटात रेस जास्त दिली असणार", मग "गाडी पाठवा, बघतो", मग फोन बंद.

खरा धक्का पुढे बसला. पंधरा वर्षांनंतर गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, आमची पाळी २०२२ ला होती. जुन्या चारचाकीची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली होती, ती भरून गाडी टोचन करून नेली. इन्स्पेक्टरांनी चेसिस नंबरची पेन्सिल छाप घेतली, मग इंजिनाकडे वळले. त्यांच्या कॉम्प्युटरवर अजून अण्णांच्या प्यूजोचाच नंबर होता. मी झेरॉक्स पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली आणि शांतपणे सांगितलं, "हा शिक्का आमचा नाही." वर ब्लॉकवरचा नंबरही बघायला लावला. जिथे नंबर कोरलाय ती जागा ग्राइंडरनं घासल्यासारखी चकाकत होती आणि आकडे एका ओळीत नव्हते. हे इंजिन कुठून आलं याची चौकशी होऊ शकते, हे ऐकून माझे पाय थरथरले.

कायदा त्यांनीच समजावला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलंय. त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन आधी परवानगी घेऊन बदलता येतं. महिंद्राच्या जीपमध्ये टोयोटाचं इंजिन त्यात बसत नाही. विनापरवाना बदलाला कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. मालकाला म्हणजे मला, गॅरेजवाल्याला नाही. अपघात झाला असता तर विमा कंपनीनंही याच मुद्द्यावर हात वर केले असते. "एजंट करून देईल" म्हणणाऱ्याकडून कुणीही ही गोष्ट करून घेऊ नका. परवानगीचा अर्ज स्वतः कार्यालयात जाऊन, इंजिन उतरवायच्या आधी करा.

पोलिसांत लेखी तक्रार दिली. जिल्हा ग्राहक आयोगातही गेलो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. पण माझ्या हातात पुरावा काय? चाळीस हजारांची यूपीआय नोंद आणि व्हॉट्सॲपवरचे त्याचे व्हॉइस मेसेज. रोख दिलेल्या रकमेची एक ओळही नाही. बिलावर इंजिन नंबर लिहून, सही घेऊन, पैसे बँकेतून दिले असते तर आज बोलायला तोंड असतं. इंजिन बघायला जाताना न सांगता सकाळी लवकर जा, थंड इंजिन आपल्या समोर सुरू करायला लावा, पंपाचं डोकं बघा, नंबरचा जवळून फोटो काढा. आणि सोबत आपला मिस्त्री न्या, त्याची मजुरी देऊन न्या.

सर्वांत जास्त जीव ज्यात अडकलाय ते सांगतो. इन्स्पेक्टर म्हणाले, मूळ इंजिन परत बसवा, नंबर जुळला की मी लगेच पास करतो. मूळ इंजिन. पंधरा हजारांना मीच देऊन टाकलेलं. मामा म्हणतात, ते दुरुस्त होण्यासारखं होतं, एवढं काही बिघडलं नव्हतं. गाडी तेव्हापासून गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी आहे. कुणी इंजिन बदलायचं ठरवलं असेल तर जुनं इंजिन टेम्पो करून घरी आणा, पोत्यात गुंडाळून ठेवा, कुणी कितीही पैसे वजा करू दे.

मी भंगार बाजार अजून फिरतोय. एक्सडीपी ४.९० चं इंजिन, टॅपेट कव्हरवर पांढऱ्या ऑइलपेंटनं तारखांची ओळ, सगळ्यांवर काट, फक्त शेवटची तशीच. कुठे दिसलं तर कृपा करून मला कळवा. मागतील ती किंमत देईन.