बर्डीतले जुन्या पुस्तकांचे दुकान आणि फसलेल्या निवडी

नागपुरातल्या सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरची गर्दी सोडून एका आतल्या गल्लीत वळले की जुन्या पुस्तकांचे एक अरुंद दुकान लागते. दर्शनी भागात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे ढीग आहेत, त्यामागे अभियांत्रिकीची आणि व्यवस्थापनाची क्रमिक पुस्तके आहेत, आणि अगदी शेवटच्या भिंतीला, कूलरच्या शेजारी, खेळांच्या पुस्तकांचा एक कप्पा आहे. गेली चार वर्षे महिन्यातून एकदा तरी मी त्या कप्प्यासमोर उभा राहतो, त्यामुळे या दुकानाबद्दलचे माझे मत केवळ तेवढ्या कप्प्यापुरते समजावे. दुकानाचे पोट ज्या पुस्तकांवर चालते त्यांतले मला काही कळत नाही.

कप्प्याचा मोठा भाग खेळाडूंच्या आत्मचरित्रांनी व्यापलेला आहे. ही पुस्तके मी घेत नाही, कारण बहुतेक आत्मचरित्रांत नायक बालपणी गरीब किंवा हट्टी असतो, मधल्या प्रकरणात त्याला दुखापत होते आणि शेवटी करंडक हातात येतो. या प्रवासात ज्यांनी त्याला संघात घेतले किंवा काढले, ती कार्यालयातली माणसे दोन-चार ओळींत येऊन जातात. मला रस आहे तो नेमका त्या माणसांत. मैदानावरचा झेल सुटला की साऱ्या जगाला दिसतो. बंद खोलीत सुटलेला झेल कधीकधी दहा वर्षांनी कळतो.

अशी पुस्तके या दुकानात मिळतात, पण ती खेळांच्या कप्प्यात मिळत नाहीत. वसतिगृह सोडताना व्यवस्थापनाचे विद्यार्थी आपली पुस्तके वजनावर विकून जातात, आणि त्या गठ्ठ्यांतून खेळांच्या व्यवहारावरची पुस्तके विपणन आणि लेखाकर्म यांच्या मध्ये जाऊन बसतात. मायकल लुईस यांचे 2003 सालचे ‘मनीबॉल’ मला तेथेच, खर्च-लेखांकनाच्या दोन जाडजूड ग्रंथांखाली दबलेले, 120 रुपयांना मिळाले. अमेरिकेतल्या ओकलंडच्या बेसबॉल संघाने न्यूयॉर्क यांकीजच्या सुमारे एकतृतीयांश पगारखर्चात 2002 साली सलग 20 सामने कसे जिंकले, आणि देखण्या फटक्यांपेक्षा बाद न होता तळ (बेस) गाठणाऱ्या फलंदाजाची किंमत बाजाराने कशी कमी लावली होती, याची ती हकिकत आहे. माझ्या प्रतीत, चेंडू सोडून देत शांतपणे पहिला तळ मिळवणाऱ्या फलंदाजाच्या वर्णनाशेजारी, आधीच्या वाचकाने बारीक पेन्सिलीने लिहिले होते : ‘हा तर आपला पुजारा!’, म्हणजे घाई न करता तासन् तास खेळपट्टीवर टिकणारा कसोटी फलंदाज चेतेश्वर पुजारा. जुन्या पुस्तकांच्या दुकानाची शिफारस करताना मी हे समास हिशेबात धरतो. छापील किमतीत ते येत नाहीत.

दुकानाचे मालक साठीचे आहेत आणि त्यांना क्रिकेटचे उत्तम वेड आहे. गिऱ्हाईक नसले की ते स्टूल पुढे सरकवतात आणि चहा येईपर्यंत लिलावांची चर्चा चालते. 1984 च्या अमेरिकी बास्केटबॉल ड्राफ्टची, म्हणजे संघांनी क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतली, गोष्ट मी त्यांना सांगितली ती अशाच एका दुपारी. पोर्टलंडच्या संघाची निवड दुसऱ्या क्रमांकावर होती आणि मायकल जॉर्डन उपलब्ध होता. परंतु आदल्याच वर्षी घेतलेला क्लाइड ड्रेक्सलर त्याच जागी खेळत असल्याने त्यांना हवा होता तो उंच मध्यखेळाडू, म्हणून त्यांनी सॅम बोवीला घेतले. पायांच्या दुखापतींनी बोवीची कारकीर्द पोखरली, आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मिळालेल्या जॉर्डनने त्यांना सहा विजेतेपदे मिळवून दिली.

मालकांनी गोष्ट पूर्ण ऐकून घेतली आणि म्हणाले, “भाऊ, एवढं अमेरिकेला कायले जाता? आपल्या दिल्लीनं हेच केलं नं.”

त्यांचे म्हणणे बिनचूक होते. 2008 मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांची आयपीएलच्या संघांत वाटणी झाली, तेव्हा घरचाच विराट कोहली दिल्लीला घेता आला असता. पण सेहवाग, गंभीर आणि धवन असताना आणखी एक फलंदाज कशाला, असा विचार करून त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान याला पसंती दिली आणि कोहली बंगळुरूला गेला. मला या दोन प्रसंगांत विलक्षण साम्य दिसते, आणि दोन्हीकडे चूक करणारे लोक मूर्ख नव्हते. त्यांचा युक्तिवाद त्या दिवशी कोणत्याही बैठकीत टाळ्या घेऊन गेला असता. संघातली रिकामी जागा डोळ्यांना दिसते, आणि समोरच्या मुलाची पुढच्या पंधरा वर्षांची धाव दिसत नाही. म्हणून रिकामी जागा भरली जाते.

याउलट काही घोडचुका केवळ हिशेबाच्या असतात. न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाने 2000 साली बॉबी बोनिया या नकोशा झालेल्या खेळाडूचे 59 लाख डॉलर लगेच न देता आठ टक्के व्याजाने पुढे ढकलले, आणि त्यापायी 2011 पासून 2035 पर्यंत दर 1 जुलैला त्याला सुमारे 11.9 लाख डॉलर देण्याचे पत्करले. आमच्या पिढीतल्या कोणत्याही नागपुरी गृहस्थाने पोस्टातल्या ठेवीचा कागद समोर ठेवून त्यांना सावध केले असते. आणि काही चुका उलट्या फळतात : डिसेंबर 2023 च्या आयपीएल लिलावात पंजाबने शशांक सिंग या भिलाईच्या खेळाडूवर 20 लाखांची बोली लावली, नंतर भलताच खेळाडू घेतला की काय म्हणून टेबलावर गोंधळ उडाला, पण हातोडा पडून गेला होता. पुढल्या एप्रिलमध्ये त्याच शशांकने गुजरातविरुद्ध 29 चेंडूंत नाबाद 61 धावा करून सामना जिंकून दिला आणि वर्षअखेरीस पंजाबने त्याला साडेपाच कोटींना राखून ठेवले. अशा प्रसंगावर एक आख्खे पुस्तक कोणी लिहावे, अशी माझी फार इच्छा आहे.

मात्र ज्या चुकीबद्दल मला सर्वाधिक वाचायचे होते, तिथेच या दुकानाने माझी निराशा केली. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू नागपूरचे, 1895 मध्ये त्यांचा जन्म येथेच झाला. 1926 साली मुंबईत एमसीसी या इंग्लंडहून आलेल्या संघाविरुद्ध 11 षटकारांसह 153 धावा करणारा आणि 1932 मध्ये लॉर्ड्सवर संघ घेऊन उतरणारा हा माणूस असताना, 1936 च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधारपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे, म्हणजे ‘विझीं’कडे गेले. हॉब्ज आणि सटक्लिफ या इंग्लंडच्या नामांकित सलामीवीरांना स्वतःच्या संघासाठी भारतात आणण्याइतका पैसा आणि दरबारी वजन त्यांच्यापाशी होते. फलंदाजी तेवढी नव्हती. तीन कसोटींतल्या सहा डावांत त्यांनी मिळून 33 धावा केल्या. पहिल्या कसोटीपूर्वीच लाला अमरनाथ यांना बेशिस्तीच्या आरोपाखाली मायदेशी धाडण्यात आले, मालिका 2-0 अशी गेली, आणि त्याच उन्हाळ्यात विझींना ‘सर’ हा किताब मिळाला. पंचेचाळीस अंशांच्या उन्हातही हे आठवले की मला वेगळा ताप चढतो.

या दौऱ्याची सविस्तर हकिकत असलेला भारतीय क्रिकेटचा एक इंग्रजी इतिहास मला दोन वर्षांपूर्वी येथे दिसला आणि मी चाळूनही न पाहता 350 रुपये मोजले. घरी येऊन उघडले तर 1934 संपते तेथून थेट महायुद्धाच्या काळात पोचलो; मधला एक आख्खा फर्मा, सोळाच्या सोळा पाने, निखळून गेलेला होता. दुसऱ्या दिवशी मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा मालकांनी शिवणीवरून बोट फिरवले, मान हलवली आणि “जुनं पुस्तक पाहून घ्या लागते, भाऊ” एवढेच म्हणाले. पूर्ण पैसे परत मिळाले नाहीत. दुकानाच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे अर्धी किंमत मिळाली, आणि फर्मा गहाळ असलेले तेच पुस्तक पुढल्या महिन्यात पुन्हा त्याच किमतीला त्याच कप्प्यात दिसले. ही गोष्ट मला आवडली नाही आणि मी त्यांना तसे स्पष्ट सांगितलेही. येथे काहीही विकत घेण्यापूर्वी पाने मोजावीत.

दुसरी तक्रार कूलरची. मार्च ते जून वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा नेमकी खेळांच्या पुस्तकांवर पडते, त्यामुळे गुळगुळीत कागदावरची छायाचित्रे एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना एखाद्याचा चेहरा दुसऱ्याच्या पानावर उतरतो. कप्पा समोरच्या भिंतीला हलवायला फार तर एक सकाळ लागेल.

तिसरी तक्रार दुकानाची कमी आणि आपल्या प्रकाशनव्यवहाराची अधिक आहे. विदर्भाने 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा रणजी करंडक जिंकला; मुंबईचा वसीम जाफर काय किंवा कर्नाटकाने दूर केल्यावर येथे येऊन शेवटच्या विजयाच्या हंगामात 863 धावा करणारा करुण नायर काय, दुसऱ्यांनी संपला मानलेला खेळाडू नेमका हेरण्याची दृष्टी ज्या व्यवस्थापनाने दाखवली, त्याविषयीचे एकही मराठी पुस्तक मला या कप्प्यात चार वर्षांत आढळलेले नाही.

एवढे असूनही मी हे दुकान सोडणार नाही. किमती वाजवी आहेत, शोधण्यास मज्जाव नाही, आणि वाचून आणलेल्या पुस्तकाचे अर्धे पैसे परत मिळतात. या अर्ध्या पैशांच्या लोभाने मीही एकदा फसलो. घरातले फडताळ भरले, ‘मनीबॉल’ तर वाचून झाले होते, म्हणून गेल्या दिवाळीपूर्वी ते देऊन मी 60 रुपये घेतले. तीन आठवड्यांनी चुकल्यासारखे वाटून परत गेलो, तर पुस्तक विकले गेले होते. नवी कोरी प्रत मी पूर्ण किमतीला मागवली; तिचे समास स्वच्छ आहेत. मालकांनी जुनी प्रत फिरून आली तर बाजूला काढून ठेवण्याचे कबूल केले आहे. गल्ल्याच्या आतल्या बाजूला त्यांनी तशी चिठ्ठी चिकटवली आहे, आणि तिच्यावर पुस्तकाचे किंवा माझे नाव नाही, ‘पुजारावाले’ एवढेच लिहिले आहे.