डिलीट झालेल्या विंडोज सिस्टम फाइल्स परत आणणं: डिझम, एसएफसी आणि रिपेअर इन्स्टॉल, काही महिने वापरून

आधी मुद्दा सांगते, मग सविस्तर. विंडोजची स्वतःची फाइल चुकून उडाली तर ती परत आणायला जे लागतं ते जवळजवळ सगळं विंडोजमध्येच असतं आणि फुकट असतं, पैसे घेऊन 'वन क्लिक रिपेअर' करणारं काहीही विकत घेऊ नका. फक्त उडालेली फाइल नक्की कोणाची होती हे आधी बघायचं, विंडोजची, दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरची की आपली, कारण तिन्हीची परत यायची वाट वेगळी आहे आणि इथेच लोक दोन-दोन दिवस घालवतात. गणपतीच्या आधीपासून मी हे आमच्या प्रेसमधल्या मशीन्सवर वापरतेय.

झालं असं की गिरगावात आमचं छोटं प्रेस आहे, मी तिथे डीटीपी बघते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सीझनला मंडळांचे अहवाल. मेन मशीनला १२० जीबीचा एसएसडी, सी ड्राइव्ह कायम लाल. मालकांनी (आम्ही सगळे अण्णा म्हणतो) ओळखीच्या एका मुलाला जागा करून द्यायला सांगितलं, आणि त्याने कुठलातरी व्हिडिओ बघून हिडन फोल्डर दिसायला लावले, विंडोजमधला इन्स्टॉलर नावाचा फोल्डर पूर्ण रिकामा केला, सिस्टम३२ (विंडोजच्या मुख्य फाइल्सचा फोल्डर) मधल्या काही फाइल्सची ओनरशिप घेऊन त्याही काढल्या आणि जाताजाता फॉन्टपण साफ केले. सगळं शिफ्ट डिलीट, म्हणजे रिसायकल बिनमध्ये बघायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी मशीन चालू झालं पण सेटिंग्ज उघडेना, प्रिंटरची विंडो यायची आणि बंद व्हायची, आणि मंडळाच्या अहवालाची वर्ड फाइल उघडली तर मंगल फॉन्टच गायब. लॅमिंग्टन रोडला एका दुकानात दाखवलं तर उत्तर एकच, ताई फॉरमॅट मारावा लागेल. आमच्यासारख्यांना फॉरमॅट म्हणजे डोंगलवर (यूएसबीला लावायची लायसन्सची किल्ली) चालणारं मराठी सॉफ्टवेअर, जुने प्रिंटर ड्रायव्हर, प्रत्येक गिऱ्हाइकाचे फॉन्ट हे सगळं परत बसवणं, तेही ऐन सीझनमध्ये. म्हणून मी तिथून मशीन उचलून घेऊन आले आणि स्वतः करायला बसले.

पहिलं डिझम, विंडोजमधलंच दुरुस्तीचं टूल. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि कमांड द्यायची: डिझम, स्लॅश ऑनलाइन, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्लॅश रिस्टोअरहेल्थ. ते पूर्ण झालं की मगच एसएफसी (सिस्टम फाइल्स तपासणारी कमांड) स्लॅश स्कॅननाऊ. बहुतेक जण आधी एसएफसी चालवतात, फाइल्स दुरुस्त करता आल्या नाहीत असं आलं की हात टेकतात. क्रम असा का, तर एसएफसी बाहेरून काही आणत नाही. विंडोजमध्ये विनएसएक्सएस नावाचा फोल्डर असतो, कंपोनंट स्टोअर, तिथे सिस्टमच्या फाइल्सच्या मूळ प्रती असतात आणि एसएफसी तिथली प्रत घेऊन जागेवर ठेवतो. प्रेसच्या भाषेत सांगायचं तर प्लेट जपून ठेवलेली असली की फाटलेलं पान पुन्हा छापता येतं, पण प्लेटच खराब असेल तर पुन्हा खराबच छापलं जाणार, आणि ती प्लेट नीट करायचं काम डिझमचं. तो त्यासाठी विंडोज अपडेटवरून फाइल्स ओढतो, त्यामुळे नेट लागतं.

डिझम मध्येच अडकल्यासारखा वाटतो, ६२.३ टक्क्यांवर तर खूप वेळ हलत नाही, अनेकांना ह्याच आकड्यावर हा अनुभव आलाय, तेव्हा विंडो बंद करू नका, चालू दे. आमच्याकडे तो पुढे गेला आणि शेवटी एरर देऊन थांबला, ०एक्स८००एफ०८१एफ. ह्याचा अर्थ सोर्स फाइल्स सापडल्या नाहीत. घाबरायचं कारण नाही, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आपल्याच व्हर्जनची आयएसओ (विंडोजच्या इन्स्टॉलेशन डिस्कची एकच फाइल) उतरवायची, डबल क्लिक करून माउंट करायची, म्हणजे ती ड्राइव्हसारखी दिसते, आणि त्याच कमांडमध्ये सोर्स म्हणून आयएसओच्या सोर्सेस फोल्डरमधली इन्स्टॉल.विम द्यायची, शेवटी स्लॅश लिमिटअॅक्सेस म्हणजे तो नेटवर शोधायला जात नाही. मीडिया क्रिएशन टूलने बनवलेल्या मीडियात विमच्या जागी ईएसडी फाइल असते, मग कमांडमध्येही ईएसडी लिहायचं. एका फाइलमध्ये होम, प्रो अशा बऱ्याच एडिशन असतात, प्रत्येकीला नंबर असतो, आपला नंबर डिझमच्याच गेट-विमइन्फोने बघून घ्यायचा, चुकीचा दिला की परत तीच एरर. हे केल्यावर डिझम पूर्ण झाला, एसएफसीने खराब फाइल्स सापडल्या आणि दुरुस्त केल्या असा मेसेज दिला, रीस्टार्ट, आणि सेटिंग्ज उघडलं. त्या क्षणी खरंच खूप हलकं वाटलं मला. काय काय बदललं ते विंडोजमधल्या लॉग्ज, सीबीएस फोल्डरमधल्या सीबीएस.लॉगमध्ये असतं, लांबलचक आहे पण एसआर कंसात लिहिलेल्या ओळी शोधल्या की कळतं.

आता फॉन्ट, आणि हे मराठीत काम करणाऱ्यांनी नक्की वाचा. विंडोज १० पासून देवनागरीचा डिफॉल्ट फॉन्ट निर्मला यूआय आहे, मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे वेगळ्या पॅकमध्ये असतात, देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स नावाच्या. म्हणजे मंगल गेला तर कुठल्यातरी साइटवरून फॉन्टची टीटीएफ फाइल उतरवायची गरज नाही. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स शोधायचं, तिथे अॅड करायचं, बस. पॅक आधीच लागलेला दिसत असेल तर काढून परत लावायचा, आमच्याकडे तसंच करावं लागलं. मशीनला मराठी भाषा अॅड केली की हा पॅक आपोआप येतो. पण श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट किंवा गिऱ्हाइकाने दिलेले फॉन्ट विंडोजचे नाहीत, एसएफसीला त्यांची ओळखच नाही, ते मूळ सेटअपमधून किंवा आपल्या बॅकअपमधूनच येणार. आमचे आले कारण माझ्याकडे फॉन्टचा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी होता.

इन्स्टॉलर फोल्डरचं दुखणं सगळ्यात वाईट. तिथे विंडोज इन्स्टॉलरने बसवलेल्या प्रोग्रॅमच्या एमएसआय आणि एमएसपी (म्हणजे सेटअपच्या आणि अपडेटच्या) फाइल्स विचित्र नावांनी साठवलेल्या असतात, त्या गेल्या तरी प्रोग्रॅम चालतो, कळतच नाही काही, आणि मग काही आठवड्यांनी अपडेट किंवा अनइन्स्टॉल करायला गेलं की अडतं. डिझम, एसएफसी इथे काहीही करू शकत नाहीत. दुसऱ्या मशीनवरून कॉपी करूनपण चालत नाही कारण त्या फाइल्स त्या त्या मशीनपुरत्या असतात, मायक्रोसॉफ्टच तसं सांगतं. त्यांचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर चालवून अर्धवट नोंदी काढायच्या आणि तो प्रोग्रॅम परत बसवायचा, एकेक करून. आमच्याकडे हे अजून पूर्ण संपलेलं नाही, ऑफिस झालं, पीडीएफवालं झालं, स्कॅनरचं सॉफ्टवेअर अजून अपडेट होत नाही.

डीएलएल (प्रोग्रॅमला चालायला लागणारी जोड-फाइल) मिसिंगचा मेसेज आला की लोक गूगल करतात आणि पहिल्या साइटवरून डीएलएल उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकतात. प्लीज करू नका. एक तर त्यात काय भरलंय देव जाणे, आणि ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ मध्ये ६४ बिट फाइल्स असतात, ३२ बिटवाल्या सिसवाऊ६४ मध्ये, नावं उलटी वाटतात, त्यामुळे फाइल चुकीच्या जागी जाते आणि प्रोग्रॅम ०एक्ससी०००००७बी एरर देतो. व्हीसीरनटाइम१४० किंवा एमएसव्हीसीपी१४० नसेल तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल टाकायचं, एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही. पाच मिनिटांचं काम आहे.

दिवाळीनंतर अकाउंटच्या मशीनवर वेगळंच झालं, एका अँटीव्हायरसने सिस्टमची फाइल व्हायरस समजून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळी बंद करून, टाकली आणि मशीन बूटच होईना. अशा वेळी लागोपाठ बूट फेल झालं की विंडोज स्वतःच रिकव्हरीच्या निळ्या स्क्रीनवर जातं, नाही गेलं तर इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरून रिपेअर युवर कॉम्प्युटर घ्यायचं (पेन ड्राइव्ह ८ जीबीचा लागतो). तिथल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएफसी ऑफलाइन चालतो, स्कॅननाऊच्या पुढे ऑफबूटडिर आणि ऑफविनडिर द्यायचं. तिथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, आपला सी तिथे डी दिसतो, म्हणून आधी डिर करून विंडोज फोल्डर कुठे आहे ते बघा. आणि बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह लॉक करायचं फीचर) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागतो, ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह झालीये का ते आजच बघून ठेवा, मशीन बंद पडल्यावर नाही. आमचं मशीन ऑफलाइन एसएफसीनंतर एका रीस्टार्टमध्ये उठलं.

हे सगळं करूनही नाही जमलं तर फॉरमॅटच्या आधी रिपेअर इन्स्टॉल. चालू विंडोजमधूनच आयएसओ माउंट करून सेटअप चालवायचा आणि फाइल्स व अॅप्स ठेवा हा पर्याय निवडायचा. पेन ड्राइव्हवरून बूट करून हा पर्याय मिळत नाही, आणि भाषा, एडिशन वेगळी असेल तर अॅप्स राहत नाहीत. मेन मशीनवर मी शेवटी हेच केलं कारण स्टोअरची अॅप्स अधूनमधून पडत होती, आणि कोरल, प्रिंटर, डोंगल सगळं जसंच्या तसं राहिलं. जुनं विंडोज विंडोज.ओल्डमध्ये राहतं, परत जायला १० दिवस मिळतात. विंडोज ११ मध्ये तर २०२४ पासून सेटिंग्जच्या रिकव्हरीमध्येच रीइन्स्टॉल नाऊचं बटण आलंय, आयएसओसुद्धा लागत नाही. त्याच पानावरचं रिसेट धिस पीसी मात्र वेगळं आहे, त्यात कीप माय फाइल्स घेतलं तरी बसवलेले प्रोग्रॅम जातात, दोन्हीत गल्लत करू नका.

रिकव्हरी सॉफ्टवेअरबद्दल खूप जण विचारतात. आपले फोटो, डिझाइनच्या फाइल्स ह्यांना त्यांचा उपयोग होऊ शकतो, मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरीपण २०२० पासून फुकट मिळतं. पण एसएसडीवर ट्रिम चालू असतं, डिलीट केलेल्या ब्लॉकमधला डेटा ड्राइव्ह स्वतःच साफ करतो, त्यामुळे हाती फारसं लागत नाही. आणि सिस्टमच्या फाइलसाठी ते करायचंच कशाला, तिची चांगली प्रत मिळतेच.

सिस्टम रिस्टोअर, म्हणजे विंडोजला आधी जपलेल्या स्थितीत (रिस्टोअर पॉइंटला) परत नेणारी सोय, आमच्या तिन्ही मशीनवर बंद होतं, विंडोज १० मध्ये ते बऱ्याचदा बंदच असतं. आता चालू केलंय आणि काही नवीन बसवायच्या आधी पॉइंट बनवते. चांगलं आहे, पण सी ड्राइव्ह भरला की जुने पॉइंट उडतात, त्यामुळे एवढ्यावरच भिस्त ठेवू नका.

राहिली जागेची गोष्ट, कारण मुळात सुरुवात तिथून झाली होती. विनएसएक्सएस एक्सप्लोररमध्ये आहे त्यापेक्षा मोठा दिसतो कारण त्यातल्या बऱ्याच फाइल्स हार्ड लिंक आहेत, म्हणजे एकच फाइल दोन जागी दिसते, खरा आकडा डिझमच्या अॅनालाइज-कंपोनंटस्टोअरने कळतो. हात लावून काही काढायचं नाही, स्टार्ट-कंपोनंटक्लीनअप द्यायचं किंवा डिस्क क्लीनअपमध्ये क्लीन अप सिस्टम फाइल्स. हायबरनेट वापरत नसाल तर पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ, त्यात बरेच जीबी सुटतात. आम्ही हे केलं, गिऱ्हाइकांच्या फाइल्स डी ड्राइव्हला नेल्या आणि अण्णांनी शेवटी ५०० जीबीचा एसएसडी घेऊन दिला. अकाउंटचं मशीन अजून विंडोज १० वर आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याच व्हर्जनची आयएसओ मी पेन ड्राइव्हवर वेगळी काढून ठेवलीये.